देवाशी भांडा, पण कागदाला हात लावू नका: आधुनिक ज्यू विचारातली श्रद्धा आणि शंका

अवघड_घाट (धागाकर्ता)

मागच्या एका धाग्यावर निरीश्वर_नानांनी विचारलं होतं की हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेल्यावरही हे लोक प्रार्थनेला उभे कसे राहतात? पुढे त्या चर्चेचा पार खेळखंडोबा झाला, म्हणून हा वेगळा धागा. मी ज्यू नाही. वाचन बरंच झालंय आणि काही मतं पक्की झाली आहेत, ती मांडतो. जाणकारांनी हवा तिथे कान धरावा.

आपल्याकडच्या लेखांत एक वाक्य हमखास असतं: ज्यू धर्मात शंकेला मुक्तद्वार आहे, तिथे देवाशीसुद्धा वाद घालता येतो. हे अर्धंच खरं आहे. ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम सदोम शहर वाचवण्यासाठी देवाशी चक्क घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर सोडशील का, पंचेचाळीस सापडले तर, असं करत देवाला दहावर आणतो. बायबलमधला ईयोब, निर्दोष असून हाल भोगणारा, सरळ जाब मागतो. अठराव्या शतकातल्या बेर्दिचेवच्या रब्बी (धर्मगुरू) लेवी यित्झखांबद्दल सांगतात की त्यांनी देवावर फिर्यादच लावली, माझ्या लोकांना का छळतोस म्हणून. त्यांचं नाव आजही प्रेमाने घेतलं जातं.

तालमूद म्हणजे रब्बींच्या वादचर्चांचा जुना ग्रंथ, त्यातली भट्टीची गोष्ट तर फारच लाडकी. एक मातीची भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर वाद. रब्बी एलिएझर एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. एलिएझरांच्या शब्दाखातर झाड मुळासकट उडून दूर पडतं, ओढा उलटा वाहतो, पाठशाळेच्या भिंती कलतात, शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचंच बरोबर. त्यावर रब्बी योहोशुआ उभे राहून म्हणतात, तोरा (देवाने मोशेला दिलेला धर्मग्रंथ) आता स्वर्गात नाही. निकाल बहुमताने लागतो, आणि देव हसतो म्हणे, पोरांनी मला हरवलं.

गोष्ट बहुतेक जण इथेच थांबवतात. मूळ ग्रंथात ती पुढे चालू राहते. एलिएझरांनी शुद्ध ठरवलेलं सगळं सामान त्याच दिवशी आणून जाळतात आणि त्यांना वाळीत टाकतात. ही बातमी द्यायला रब्बी अकिवा काळे कपडे घालून जातात आणि चार हात अंतर राखून खाली बसतात. पोरांनी देवाला हरवलं खरं, पण आपल्यातल्या एकाला घराबाहेर काढून.

तर माझं म्हणणं असं. या परंपरेत देवावर ओरडलेलं चालतं. देवाने दिलेल्या कागदावर, म्हणजे तोरेवर, शंका घेतलेली चालत नाही. तत्त्वज्ञ स्पिनोझाला १६५६ साली ॲमस्टरडॅममध्ये बहिष्कृत केलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. ते जुनं झालं. आधुनिक काळातली दोन उदाहरणं बघा.

रब्बी मोर्दखाय कॅप्लान, न्यूयॉर्क. यांचा देव म्हणजे वर बसलेली व्यक्ती नव्हे. माणसाला चांगलं होण्याकडे ढकलणारी विश्वातली एक शक्ती, बस्स. १९४५ साली त्यांनी शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतच्या विश्रांतिदिवसाचं) नवं प्रार्थनापुस्तक काढलं. त्यातून ‘आम्ही निवडलेले लोक’ हा भाग गाळला, मेलेले उठतील हेही गाळलं. जूनमध्ये ऑर्थोडॉक्स (जुना आचार काटेकोर पाळणाऱ्या) रब्बींची एक संघटना मॅनहॅटनमधल्या एका हॉटेलात जमली, कॅप्लानना बहिष्कृत केलं आणि पुस्तकाची प्रत तिथेच जाळली गेली. जर्मनी शरण येऊन जेमतेम महिना उलटला होता. ज्यूंची पुस्तकं कोण जाळतं हे सगळ्या जगाने नुकतंच पाहिलं होतं.

दुसरे लुई जेकब्स, लंडनचे रब्बी. माणूस आचाराने पक्का ऑर्थोडॉक्स. १९५७ साली पुस्तक लिहून म्हणाले, तोरा देवाची आहे, पण ती माणसांच्या हातून, काळाच्या ओघात उतरली. मोशेला शब्दन्‌शब्द सांगितली असं इतिहास मानू देत नाही. रब्बी घडवणाऱ्या ज्यूज कॉलेजचे प्राचार्य ते होणार असं धरून चालले होते, १९६१ साली मुख्य रब्बी ब्रॉडींनी अडवलं. १९६४ मध्ये जुन्या सिनेगॉगला (प्रार्थनामंदिराला) परत जायला निघाले, तेही अडवलं. मग तिथल्या बऱ्याच लोकांनी बाहेर पडून त्यांच्यासाठी नवं सिनेगॉग काढलं. गंमत म्हणजे २००५ मध्ये ब्रिटनच्या ज्यू वृत्तपत्राने सर्वांत थोर ब्रिटिश ज्यू कोण असं वाचकांना विचारलं, तर निवडून आले जेकब्स.

हे असं का, याचं मला सुचलेलं कारण: देवावर फिर्याद लावायला करार लागतो. सीनाय पर्वतावर करार झाला, तू आमचा देव, आम्ही तुझे लोक, या अटी. तो कागद खरा आहे म्हणून तर लेवी यित्झख कोर्टात उभे राहू शकतात. कागदच माणसांनी लिहिलेला निघाला तर दावा कोणावर लावायचा? म्हणून सर्वांत मोठ्याने भांडणारे लोक कागदाला सर्वांत जास्त जपतात.

होलोकॉस्टनंतरचं, म्हणजे त्या साठ लाखांच्या संहारानंतरचं, प्रतिसादांत लिहितो, इथे फार लांबेल.

---

निरीश्वर_नाना

प्रश्नाचं उत्तर बाजूलाच राहिलं, पण लेख आवडला. थोडक्यात, पुजारी मंडळी सगळीकडे सारखीच.

आणि हे देवाशी भांडण्याचं कौतुक आपल्याला कशाला? आपले तुकोबा तर ‘देव मेला’ असं म्हणून मोकळे झाले.

---

अवघड_घाट

नाना, तुकोबांचं भांडण प्रेमातलं आहे. रुसणं, अबोला, घरातल्या माणसावरचा राग. तिथे अटी नाहीत आणि विठ्ठलाने कराराने काही कबूल केलेलं नाही. ज्यू भांडतो तो समाजाच्या वतीने, कलम दाखवून. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये असं मला वाटतं.

---

वाडा_वकील

करार म्हटल्यावर आम्हाला राहवत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३९. एका पक्षाने आपला भाग पार पाडायला साफ नकार दिला, तर दुसरा पक्ष करार संपवू शकतो. मात्र करार चालू ठेवायला आपली संमती आहे असं त्याने शब्दाने किंवा वागण्याने दाखवलं, तर तो अधिकार जातो.

आता सांगा, आउश्वित्झची नाझी मृत्युछावणी हा करारभंग मानायचा का? आणि त्यानंतरही जो माणूस शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावतो, तो वागण्याने संमती देतोय का?

---

दुपारचा_चहा

वकीलसाहेब _/\_ वाचतेय.

---

अवघड_घाट

वकीलसाहेब, तुम्ही बसल्या जागी अर्विंग ग्रीनबर्गपर्यंत पोचलात. हे ऑर्थोडॉक्स रब्बी. १९८२ साली त्यांनी मांडलं की होलोकॉस्टनंतर देवाला आज्ञा करण्याचा नैतिक अधिकार उरलेला नाही. करारातली सक्ती संपली. पण लोकांनी तो सोडला नाही, आपखुशीने पुन्हा अंगावर घेतला. म्हणजे तुमची ‘वागण्याने संमती’. त्यांचीच आणखी एक कसोटी प्रसिद्ध आहे: जळणाऱ्या मुलांच्या समोर उभं राहून जे बोलता येणार नाही, ते कुठेच बोलू नये, मग ते धर्माचं असो की आणखी कशाचं. या एका वाक्याने धर्मपंडितांची अर्धी कपाटं रिकामी होतात.

बाकीच्यांनी तुमचा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलाय.

अमेरिकन रब्बी रिचर्ड रुबेन्स्टाइन ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनमध्ये होते, भिंत नुकतीच उभी राहत होती. तिथे ते हाइनरिख ग्र्यूबर या जर्मन पाद्र्याला भेटले. हा साधासुधा माणूस नव्हे. ज्यूंना मदत केली म्हणून नाझींनी त्याला छावणीत डांबलं होतं, आणि त्याच वर्षी त्याने आइकमन या संहाराच्या एका सूत्रधारावरच्या खटल्यात साक्ष दिली होती. रुबेन्स्टाइननी विचारलं, साठ लाख मेले ते देवाच्या इच्छेने का? ग्र्यूबरने स्तोत्रातलं वचन काढून शांतपणे सांगितलं, हो. हे उत्तर शत्रूकडून आलं असतं तर झटकता आलं असतं. एका भल्या माणसाने दिलं, आणि बायबलच्या हिशेबाने ते चुकीचंही नव्हतं. इतिहास चालवणारा देव मानायचा तर हिटलर त्याचा नोकर ठरतो. रुबेन्स्टाइननी तो देवच सोडला, १९६६ साली तसं पुस्तक लिहिलं. तरी सण, विधी, सिनेगॉग सोडलं नाही. समोरचा पक्ष कधी नव्हताच, पण आपल्याला एकमेकांची गरज आहे, असा त्यांचा सूर.

तत्त्वज्ञ एमिल फाकनहाइम स्वतः साक्सेनहाउझेनच्या नाझी छावणीतून सुटलेले. ते म्हणाले, तोरेतल्या जुन्या आज्ञा ६१३, आता ६१४वी: हिटलरला मरणोत्तर विजय मिळवून देऊ नका. ज्यूपण सोडू नका, देवाबद्दल निराश होऊ नका.

आणि जेरुसलेमचे येशायाहू लाइबोविट्झ. व्यवसायाने शास्त्रज्ञ, आचाराने कडक, जिभेने त्याहून कडक. त्यांच्या मते करारात तुमच्या फायद्याचं कलम कधी नव्हतंच. आज्ञा पाळायच्या त्या आज्ञा आहेत म्हणून. आउश्वित्झमुळे ज्याची श्रद्धा गेली त्याची देवावर नव्हतीच, देवाच्या मदतीवर होती. मला हा माणूस आवडत नाही, पण याला खोडायला मुद्दा सापडत नाही.

---

निरीश्वर_नाना

फाकनहाइम पटले नाहीत. हिटलरला खिजवायचं म्हणून धर्म पाळायचा? म्हणजे तुमच्या घरात कोणती पूजा व्हावी हे अजून तोच ठरवतोय.

लाइबोविट्झ जवळचे वाटले. देव काही देत नाही हे आम्हीही म्हणतो. फक्त आम्ही पुढचं पाऊल टाकतो.

---

अवघड_घाट

फाकनहाइमवर हा आक्षेप ज्यू विचारवंतांनीही घेतला आहे, तुम्ही एकटे नाही. पुढच्या पावलाबद्दल लाइबोविट्झ काय म्हणाले असते ते इथे छापता येणार नाही :)

---

बोलका_बगळा

हे सगळं ठीक, पण गाझाबद्दल कोणी का बोलत नाही? सगळे गप्प!

---

व्यवस्थापक

त्यासाठी दोन धागे चालू आहेत. या प्रतिसादावरची उपचर्चा तिकडे हलवली आहे.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, मुलांच्या वॉर्डात. या यादीत हॅरोल्ड कुश्नर नाहीत याचं आश्चर्य वाटलं. त्यांच्या मुलाला अकाली वार्धक्याचा, प्रोजेरियाचा आजार होता. तीन वर्षांचा असताना कळलं, चौदाव्या वर्षी तो गेला. वडील गावचे रब्बी, रोज दुसऱ्यांचं सांत्वन करणारे. १९८१ च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की देव चांगला आहे पण सर्वशक्तिमान नाही. आजार त्याने पाठवलेला नाही आणि तो थांबवणं त्याच्या हातात नाही. सहन करायला बळ देतो, तेवढंच.

तत्त्वज्ञान म्हणून कच्चं असेल. पण ‘तुमच्या पूर्वजन्मीचं काही असेल’ असं आईबापांना ऐकवणारे नातेवाईक मी वॉर्डात बघते, त्यापुढे हे शंभर पटीने माणुसकीचं आहे.

---

अवघड_घाट

मुद्दाम वगळले नव्हते, पण मला ते थोडे पातळ वाटतात हे खरं. सर्वशक्तिमान नसलेला देव तत्त्वज्ञ हान्स योनास यांनीही मांडला, १९८४ साली. त्यांची आई आउश्वित्झमध्ये गेली. जग घडवताना देवाने आपली सत्ता मागे घेतली, म्हणून तो मध्ये पडला नाही, पडूच शकला नाही, असं ते म्हणतात. तुमच्या वॉर्डात मात्र कुश्नरच चालतील, योनास नाही. मान्य.

---

आडवा_पाऊस

ही सगळी मंडळी नंतर लिहिणारी. प्रत्यक्ष त्या नरकात असलेले काय म्हणत होते?

---

अवघड_घाट

हाच प्रश्न एलिएझर बर्कोविट्स या रब्बींनी स्वतःला विचारला होता. ते म्हणतात, आम्ही ईयोब नाही, आम्ही ईयोबाचे भाऊ. तिथे कोणी श्रद्धा ठेवून मेलं, कोणी श्रद्धा टाकून मेलं. बाहेरून बघणाऱ्याने यांतलं काहीच आपल्या नावावर खपवू नये.

तिथल्या माणसाचं बोलणं हवं असेल तर कालोनिमस काल्मन शपिरा. पियासेच्नोचे हसिदी (भक्तिपंथी) रब्बी, वॉर्सा घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत होते. सप्टेंबर १९३९ मध्ये बाँबवर्षावात मुलगा गेला, सूनही गेली. तरी शब्बाथला प्रवचन द्यायचे आणि ते नंतर लिहून ठेवायचे. १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत हे चाललं. ओनेग शबात गटाने घेट्टोतली कागदपत्रं गुपचूप पुरली, त्यांत हे कागदही वाचले. १९६० साली ‘एश कोदेश’ नावाने छापून आले.

त्यातलं एक पान मी विसरू शकत नाही. डिसेंबर १९४१, हनुक्काचं (दिव्यांच्या सणाचं) प्रवचन. रब्बी लोकांना जवळजवळ रागावतात. या हालांमुळे श्रद्धा डळमळली असं का म्हणता? जेरुसलेमचं मंदिर पाडलं तेव्हा, रोमनांपुढे बेतारचा किल्ला पडला तेव्हा असंच नव्हतं का? तेव्हा पूर्वज टिकले, मग आत्ताच असं काय वेगळं झालंय? अगदी परंपरेचं, ठरलेलं उत्तर.

मग जुलै ते सप्टेंबर १९४२. घेट्टोतले अडीच लाखांहून जास्त लोक ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले. नोव्हेंबरमध्ये रब्बींनी जुने कागद काढले आणि त्या प्रवचनाला टीप जोडली. टीप अशी की हे म्हणणं गेल्या ज्यू वर्षाच्या अखेरच्या दिवसांपर्यंतच लागू होतं, त्यानंतर जे घडलं तसं कधीच घडलेलं नाही. मूळ मजकूर त्यांनी खोडला नाही. वर जुनं उत्तर तसंच ठेवलं आणि खाली ते संपल्याची नोंद केली, तारीख घालून. वर्षभराने, नोव्हेंबर १९४३ मध्ये, त्राव्हनिकीच्या छावणीत त्यांना मारलं.

त्यांची श्रद्धा गेली का? अभ्यासकांत यावर वाद आहे. मला वाटतं गेली नाही, पण तिच्याजवळ दाखवायला एकही दाखला उरला नाही. आणि माझ्या वरच्या सिद्धान्ताला इथे तडा जातो हेही दिसतंय. हा माणूस देवाशी भांडलाही नाही आणि तोरेला हातही लावला नाही. त्याने आपल्याच उत्तरावर मुदत संपल्याचा शिक्का मारला.

---

वाडा_वकील

तारीख घातली हे महत्त्वाचं. पुरावा कसा जपायचा हे त्या माणसाला कळत होतं.

---

अष्टागरची_लेक

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर अलिबाग तालुक्यात, आता इस्रायलमध्ये.

घाटदादा, तुमचा करार आणि कागद आमच्या वेशीपाशी येऊन अडतो. कोकणात आमच्या लोकांकडे पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हताच. तालमूद ऐकून माहीत नाही, हिब्रू येत नाही. घाण्यावर तेल काढायचं, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक ‘शनिवार तेली’ म्हणायचे. सुंता आठव्या दिवशी. खवल्यांचेच मासे. आणि ‘शेमा इस्राएल’ (ऐक, इस्राएल) एवढी प्रार्थनेची ओळ तोंडपाठ, जन्माला तीच, मरणाला तीच. योम किप्पुरला, प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमच्याकडे ‘दार फळणीचा सण’ म्हणत, पांढरे कपडे घालून दार लावून बसायचं. हे सगळं कुठल्या पुस्तकात बघून केलेलं नाही. पुस्तकं नंतर आली, आणि मराठीतूनही आली.

देवाशी भांडण म्हणाल तर माझ्या आजीला ते कळलंच नसतं. नवस फेडायचा तर एलियाहू हनबीचा (एलिया संदेष्ट्याचा) मलिदा करायचा. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, बाजूला फळं, आणि प्रार्थनेला लागतात तशी दहा माणसं घरात बोलवायची. एलियाहू हनबी अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर रथातून उतरला हे तिला डोळ्यांनी पाहिल्यासारखं माहीत होतं. कोकणात आम्हाला कोणी ज्यू म्हणून मारलं नाही. त्यामुळे देव कुठे होता हा प्रश्न त्या रूपात आमच्या घरात आला नाही.

आमच्या वाट्याला शंका आली ती उलट बाजूने. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएल माणसाचं लग्न दुसऱ्या ज्यूशी लावण्याआधी आईच्या बाजूची वंशावळ जितकी मागे जाता येईल तितकी तपासा. कोकणातल्या तेल्याकडे कुठली आलीय लेखी वंशावळ? १९६४ मध्ये आमचे लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. आम्ही देवावर शंका घेतली नव्हती. देवाच्या माणसांनी आमच्यावर घेतली, आणि मागितला काय, तर कागद!

---

अवघड_घाट

हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा आहे. युरोपातल्या पंडितांच्या नादात मी असं धरून चाललो होतो की आधी ग्रंथ आणि मग आचार. तुमच्याकडे नुसत्या आचारावर चाललं.

एक विचारतो. मुंबईच्या रोडेफ शालोम सिनेगॉगबद्दल काही सांगाल का? डॉ. जेरुशा झिराड यांनी लंडनला शिकताना उदारमतवादी ज्यू चळवळ पाहिली आणि १९२५ साली मुंबईत तिची शाखा सुरू झाली, एवढं वाचलंय.

---

अष्टागरची_लेक

आमचं घर तिकडचं नाही, त्यामुळे ऐकीवच. झिराडबाई डॉक्टर म्हणून मोठ्या, बाळंतपणासाठी गोरगरिबांच्या बायका त्यांच्याकडे जात, पुढे पद्मश्रीही मिळाली. जुन्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली, पण कोणी कोणाचं पुस्तक जाळलं नाही. एवढ्याशा समाजाला ते परवडतही नाही.

---

दुपारचा_चहा

एक गोष्ट मघापासून टोचतेय. या करारावर बायकांची सही कुठे आहे?

---

अवघड_घाट

स्त्रीवादी ज्यू विचारवंत ज्युडिथ प्लास्को यांनी १९९० च्या पुस्तकात नेमकं हेच विचारलंय. सीनायपाशी लोक जमतात, सगळ्यांत मोठा क्षण, आणि मोशे ‘लोकांना’ सांगतो की स्त्रीजवळ जाऊ नका. म्हणजे लोक कोण, तर पुरुष. बायका तिथे होत्या की नाही हे मजकुरावरून कळतच नाही. प्लास्को तोरा सोडत नाहीत. म्हणतात, आम्हीही तिथे होतो असं धरून गाळलेला भाग आता भरायचा. कागदाला हात लावण्याचा हा सर्वांत धीट प्रकार, आणि या वेळी बहिष्कार टाकायला कोणाची छाती झाली नाही.

---

निरीश्वर_नाना

माझा मूळ प्रश्न आता थोडा वेगळा झालाय. कशी प्रार्थना करतात हे विचारत होतो. आता वाटतं, प्रार्थना करणाऱ्यांतले किती जण मानतात हे तिथे कोणी विचारतच नसावं. मलिद्याला किंवा प्रार्थनेला दहा माणसं लागतात म्हणता. माझ्यासारखा न मानणारा त्या दहांत धरतील का?

---

अष्टागरची_लेक

नाना, तुम्ही ज्यू असतात तर नक्की धरलं असतं. दहावा माणूस मिळेना की हझान (प्रार्थना म्हणणारा) रस्त्यावरून कोणालाही हाक मारतो, मानतोस का म्हणून विचारत नाही. मी दर शनिवारी तिथे असते, सगळं पाठ आहे. मला नाही धरत. आमचं सिनेगॉग ऑर्थोडॉक्स.

मलिदा मात्र सगळ्यांना. कधी इकडे आलात तर सांगा.